आतून लावलेलं लुकण

१

कॉलेजला सुट्ट्या लागल्या तरी मला सुट्टी नसायची. सकाळी आठला प्राणिशास्त्राची खोली उघडायची, फडताळातल्या बरण्या पुसायच्या, ज्या बरणीतलं औषध उतरलं असेल तिच्यात थोडं वाढवायचं. बेडूक, विंचू, दोन तोंडांचं कोकरू. सतरा वर्षं मी हेच करत आलो. बरण्यांतलं कोणी कधी हललं नाही आणि मलाही त्यांची कधी भीती वाटली नाही.

शहाऐंशीचा उन्हाळा होता. आमची वस्ती मुरूम गावाच्या अलीकडं, कॉलेजपासून पाऊण कोसावर. दोन पावसाळे कोरडे गेले होते. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. चौदा एप्रिलला जयंतीची मिरवणूक निघाली, पण आलेल्या माणसाला प्यायला द्यायला पाणी नाही म्हणून दुपारीच आटोपली. माझी बायको सरू रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. संध्याकाळी घरी आली की बोलायची नाही. मीही बोलायचो नाही. थकलेली दोन माणसं एका घरात असली की बोलणं आपोआप कमी होतं.

अशात कल्याणप्पा सर दोन पोती घेऊन आले. सर आमच्या विभागाचे प्रमुख, वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, म्हणून मला कायम ‘मामा’ म्हणायचे. मुलांची सहल घेऊन ते दक्षिणेला समुद्रावर गेले होते. पोती त्यांनी टेबलावर ओतली. आत भोकाभोकांचे दगड होते, आणि पोवळ्याचे पांढरे तुकडे. काही फांद्यांसारखे, काही माणसाच्या मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे.

“पिराजीमामा, एक मेला पाहुणे येणारेत,” सर म्हणाले. “संस्थेचे अध्यक्ष आबारावांचं म्हणणं आहे, आपल्या भागातल्या पोरांनी समुद्र बघितलेला नाही. आपण दाखवू. काचेची टाकी सोलापूरहून येतेय. आत या दगडांचा डोंगर उभा करायचा. जिवंत मासे सोडायचे.”

“पाणी किती लागंल, सर?”

“पंधरा-सोळा घागरी.”

मी कोपऱ्यातल्या कोरड्या नळाकडं बघितलं. सरांना ते कळलं. ते हळू आवाजात म्हणाले, “खारं करायचंय ते. एकदा मीठ टाकलं की कोण मागणार नाही.”

२

दगड नुसते एकावर एक रचून चालत नाही, हे मला सरांनी शिकवलं. एखादा घसरला तर काच फुटणार. म्हणून ते चिकटवायचे. सरांनी त्यासाठी दोन डबे आणले होते, एकात पांढरी कणीक, दुसऱ्यात काळी. सारखे दोन गोळे घ्यायचे, हात ओले करून मळायचे, रंग एकसारखा राखाडी झाला की पाच-सात मिनिटांत लावून टाकायचं. नंतर ते दगडाहून दगड होतं. सर त्याचं इंग्रजी नाव घ्यायचे. मी लुकण म्हणायचो.

दगड आधी वाळवून घ्यायचा. कानस मारून जागा खरबरीत करायची. तीन ठिकाणी टेकेल असा बसवायचा आणि पकड येईस्तोवर हातानं धरून उभं राहायचं. त्या खोलीत, बंद खिडक्यांच्या आत, मी तासन्‌तास दगड धरून उभा होतो. काम कंटाळवाणं होतं, पण माझ्या सतरा वर्षांत एवढंच एक काम मी काहीतरी उभं करणारं केलं.

सरांनी एकच ताकीद दिली होती. “मामा, आतल्या पोकळ्या बंद करू नका. माशांना लपायला जागा पाहिजे, पाणी फिरायला वाट पाहिजे. कोंडलेलं पाणी सडतं.”

म्हणून मी नऊ भोकं ठेवली. कुठं मनगट जाईल एवढी, कुठं दोन बोटं. टाकीच्या तळाला वाळू पसरून तिच्यावरच डोंगर रचत गेलो. चार दिवसांत तीन फूट लांब, दोन वीत रुंद डोंगर तयार झाला. वर पांढऱ्या फांद्या. सर बघून खूश झाले.

पाचव्या दिवशी शरिफाबी झाडायला आली. कॉलेजची झाडलोट तीच करायची. टाकीपाशी थांबून म्हणाली, “पिराजीभाई, हे डाव्या अंगाचं भोक तुमी बुजवलं काय?”

“न्हाय की.”

“मग आपोआप बुजलं म्हना.”

मी वाकून बघितलं. भोक बंद होतं. पण लुकण माझं नव्हतं. माझं राखाडी, हे पांढरं, पोवळं दळून भिजवल्यासारखं. आणि मी लुकण लावतो तेव्हा बाहेरच्या अंगाला माझी बोटं उमटतात. इथं बाहेर नुसता फुगवटा होता. चाळणीवर ओलं पीठ दाबलं की खालून जसं बाहेर येतं, तसा.

मी स्वतःला समजावलं. उन्हाळा आहे, पोवळं चुन्याचं असतं, उष्णतेनं काही सुटलं असेल, वाहून आलं असेल. छिन्नी घेतली आणि भोक परत मोकळं केलं. ते माझ्या लुकणाहून कठीण होतं.

३

दुसऱ्या दिवशी दोन भोकं बंद. मी दोन्ही फोडली. तिसऱ्या दिवशी चार.

खोलीची किल्ली माझ्या कमरेला असायची. लुकणाचे डबे कपाटात, कपाटाला कुलूप. डब्यातलं काही कमी झालेलं नव्हतं. कोणी माझी चेष्टा करतंय म्हणावं तर कॉलेजात होतं कोण? मी, शरिफाबी, आणि आले तर सर.

त्या दुपारी पहिल्यांदा आवाज ऐकला. जात्यावर दळतात तसा. अगदी बारीक, घरघर... घरघर. चार फेरे, मग थांबणं. परत चार फेरे. बाहेर ऊन इतकं होतं की पाखरूही बोलत नव्हतं, म्हणून तो कानात शिरला. मी उंदीर असेल म्हणालो. मग भुंगा म्हणालो, लाकूड पोखरतो तो. पण उंदीर दमत नाही. हे जे कोणी दळत होतं ते दमत होतं. दोन फेऱ्यांमधली विश्रांती वाढत चालली होती.

सर आल्यावर मी त्यांना भोकं दाखवली. तोवर नऊपैकी सहा बंद झाली होती.

“मामा, मी सांगितलं होतं ना, बंद करू नका म्हणून?”

“म्या केली न्हायती, सर.”

सरांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. “तुम्ही थकलाय, मामा. माणूस थकला की हात आपोआप काम करतात. मग आठवत नाही.”

हे मला पटलं, खरं सांगतो. वाटलं, असेलही. माझेच हात असतील.

सरांनी बाही वर केली आणि मधल्या मोठ्या भोकात हात घातला, आतून काय अडकलंय ते चाचपायला. मनगट आत गेलं. मग कोपर. मग दंडापर्यंत हात गेला. मी पलीकडच्या बाजूला उभा होतो. डोंगर दोन वीत रुंद. सरांचा हात पलीकडून बाहेर यायला हवा होता. आला नाही.

सरांचा चेहरा एकदम कोरा झाला. त्यांनी हात बाहेर काढला. झटका मारून नव्हे, सावकाश, जणू कोणीतरी सोडून दिला तसा. मनगटाला पांढरं लुकण लागलेलं होतं. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला.

“काय झालं, सर?”

“काही नाही. दगड खरबरीत आहे.”

ते नळाकडं गेले. नळाला पाणी नव्हतं. रुमालानं मनगट पुसत राहिले, पुसून झाल्यावरही पुसत राहिले. जाताना म्हणाले, “अणदूरला आईकडं जाऊन येतो. अठ्ठावीसला पाणी भरा. मासे जीपमधनं येतील.” डोंगराकडं त्यांनी वळून बघितलं नाही.

४

त्या संध्याकाळी मी सरूला सगळं सांगितलं. ती हाताला तेल चोळत बसली होती. खडी फोडून फोडून तिच्या बोटांची टोकं झिजली होती, नखं उरली नव्हती.

“भोकं रोज कोन तरी आतनं बुजवतंय,” मी म्हणालो. “आन म्या रोज फोडतोय.”

मला वाटलं ती हसेल, नाहीतर घाबरेल. तिनं यातलं काहीच केलं नाही.

“तुमी कशाला फोडताय?” ती म्हणाली. “ज्याला दार लावायचंय त्याला लावू द्या की.”

त्या वर्षी आम्ही दारं लागतानाच बघत होतो. ज्यांच्या विहिरीला ओंजळभर पाणी होतं त्यांनी वर फळ्या टाकल्या होत्या, फळ्यांवर दगड ठेवले होते. माणूस भिऊन दार लावतो हे आम्हाला कळत होतं. सरूचं म्हणणं मनाला लागलं. ते जे काही आत होतं ते आम्हालाच भीत असेल. छिन्नी घेऊन रोज दार फोडणारा मीच होतो.

दुसऱ्या दिवशी मी छिन्नी हातात घेतली नाही. दोन दिवसांत आठ भोकं बंद झाली. मधलं मोठं तेवढं राहिलं.

ते बंद होत नव्हतं. दुपारभर घरघर चालायची, मग कडेला थोडं पांढरं दिसायचं, मग ते भुगा होऊन गळून पडायचं. परत घरघर. तिसऱ्या दिवशी आवाज इतका मंद झाला की मीच मनातल्या मनात ‘ओढ, ओढ’ म्हणत होतो.

कपाटात हातविजेरी होती. मी ती भोकाशी धरली.

मला फार दिसलं नाही. जे दिसलं तेवढंच सांगतो. बोटांची टोकं दिसली. पांढरी, भिजून सुरकुतलेली, नखं नसलेली. ती पिठाचा लगदा कडेला लावत होती आणि लगदा गळून पडत होता. उजेड पडल्यावर ती थांबली. मागं गेली नाहीत. नुसती थांबली, कामावरच्या बाईनं मुकादम आल्यावर थांबावं तशी.

मी भ्यालो नाही म्हणणार नाही. पण ती बोटं मी रोज घरी बघत होतो.

मी विजेरी विझवली. डबे काढले. सारखे दोन गोळे घेतले आणि मळले. राखाडी झाल्यावर गोळा तळहातावर ठेवला आणि हात भोकाशी नेला. डोळे मिटले होते.

तळहातावरचं ओझं हळूच उचललं गेलं. मला कुठं स्पर्श झाला नाही. जपून उचललं, कडेला राहिलेला थोडा चिकटाही निपटून घेतला, आणि मग आतून थापल्याचा ओला आवाज सुरू झाला. पहिल्यांदाच त्याला घाई होती.

तास-दीड तासानं भोक बंद झालं. डब्यात निम्म्याहून जास्त लुकण उरलं होतं. मी ते कपाटात ठेवून दिलं.

५

अठ्ठावीस तारखेला टँकर आधी कॉलेजात आला. आबारावांचा तसा हुकूम होता. वस्तीवरच्या बाया टँकरमागं चालत आल्या आणि कुंपणापाशी घागरी घेऊन उभ्या राहिल्या. त्यात सरू होती.

सोळा घागरी मी माझ्या हातानं ओतल्या. मग सरांनी तोलून ठेवलेल्या मिठाच्या पिशव्या फोडल्या. एक बाई कुंपणापलीकडनं म्हणाली, “अवो, मीठ टाकायच्या आधी एक तांब्या तरी द्या.” सरूच्या शेजारचीच होती ती. मी मीठ टाकलं. सरूनं माझ्याकडं बघितलं नाही. ती पाण्याकडं बघत होती.

एक मेला पाहुणे आले. सर अजून अणदूरलाच होते. आबारावांनी टाकीवरचा पडदा बाजूला केला, टाळ्या झाल्या. “मराठवाड्यात समुद्र आणला!” असं कोणीतरी म्हणालं. पट्ट्यापट्ट्यांचे चार मासे होते, हळदीसारखे पिवळे. सगळ्यांना ते आवडले. फक्त शरिफाबी मला बाजूला घेऊन म्हणाली, “पिराजीभाई, ते चारी एकाच कोपऱ्यात का हो बसले?”

खरंच बसले होते. डोंगरापासून सगळ्यात लांबच्या, वरच्या कोपऱ्यात, काचेला चिकटून, एकावर एक.

तीन तारखेला मासे तीन होते. पाच तारखेला एक. टाकीवर तारेची जाळी होती, चारी बाजूंनी बसवलेली. मांजर म्हणावं तर पाणी सांडलेलं नाही. मासा मेला म्हणावं तर तरंगला नाही. एक भोकही उघडं नव्हतं. मी नऊच्या नऊ रोज बघत होतो. सहा तारखेला पाण्यात काहीच नव्हतं.

घरघर आता नव्हती. पण कधी कधी, भर दुपारी, तळाची वाळू किंचित उडायची, आणि डोंगराच्या आतून कोणी घाईघाईनं थापतंय असं वाटायचं. मग तेही बंद झालं.

६

सर दहा तारखेला आले. वाळले होते. उजवा हात खिशात. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, “मामा, भोकं?”

“समदी बंद झाली, सर. म्याच लुकण दिलं शेवटाला.”

सरांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. “बरं केलंत. फार बरं केलंत.”

“ते आपल्याला भीत होतं, सर. म्हनून दिलं.”

“आपल्याला?” सर माझ्याकडं बघत राहिले. “नाही, मामा. त्यानं माझा हात धरला ना, तो आत ओढायला नव्हता धरला. बाहेर ढकलत होतं ते. जोर नव्हता त्याच्यात, तरी ढकलत होतं. एवढी घाई माणसाला कधी असते? पाठीमागं कोणी असलं तरच ना?”

मी टाकीकडं बघितलं.

“आणि मागं जागा फार होती, मामा,” सर म्हणाले. “एवढ्याशा दगडात. हात फिरवला तर कशालाच लागला नाही. नुसता वारा लागला. थंड, खारट.”

खोलीतल्या बरण्या जिथल्या तिथं होत्या. बाहेर कुठंतरी रिकाम्या हंड्याचा आवाज झाला. मला वाटलं, हे बोलणं इथंच थांबवावं, घरी जावं, झोपावं. पण सांगणं भाग होतं.

“सर, मासे गेले. चारीच्या चारी.”

सरांचा हात खिशातून बाहेर आला. मनगटावर पाच पांढरे डाग होते, कोडासारखे.

“कुठून गेले?” ते म्हणाले. “भोकं बंद आहेत म्हणालात ना?”

७

आम्ही दोघांनी रबरी नळी लावून पाणी अंगणात सोडलं. ढेकळांनी ते बघता बघता पिऊन टाकलं, आणि वर मिठाचा पांढरा थर राहिला. पाणी वाहिल्याचा आवाज ऐकून शरिफाबी धावत आली, बघितलं, आणि परत गेली.

टाकी रिकामी झाल्यावर मी डोंगराला दोन्ही हात घातले. रचताना एकेक दगड उचलून माझी कंबर धरली होती. आताही तेवढं वजन येईल म्हणून मी पाय रोवले आणि ओढलं, आणि डोंगर माझ्या हातात असा आला की मी मागं धडपडलो. रिकाम्या टोपलीएवढं वजन होतं त्याचं. आतून सगळा दळून संपला होता. उरली होती नुसती साल, आणि माझे सांधे.

तो टेबलावर उलटा ठेवला.

खालच्या अंगाला, जो भाग मी वाळूवर टेकवला होता आणि जो मला कधी दिसणारच नव्हता, तिथं भोक होतं. माणसाचं डोकं जाईल एवढं. मी असं भोक ठेवलं नव्हतं. त्याच्या कडेनं पांढऱ्या लुकणाचे थर होते, एकावर एक, सहा-सात. प्रत्येक थर लावला होता, फुटला होता, आणि त्यावर परत लावला होता. पहिले थर जाड, बोटांचे ठसे खोल आणि सरळ. नंतरचे पातळ. शेवटचा थर नुसता सारवल्यासारखा, त्यात ठसे नव्हते, तळहात घासत गेल्याच्या रेघा होत्या. मधे एका ठिकाणी राखाडी पट्टा दिसला. माझं लुकण. दिलेल्यातलं थोडं त्यानं इकडं वापरलं होतं. पुरलं नव्हतं.

त्यानं जास्त मागितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. अर्ध्याहून अधिक डबा कपाटात कुलपाआड पडून होता.

भोकाच्या कडा बाहेरच्या बाजूला फुटलेल्या होत्या.

सर भोकाकडं बघत नव्हते. ते भिंतीला टेकवून ठेवलेल्या तारेच्या जाळीकडं बघत होते. पाणी काढताना मीच ती उचलून ठेवली होती, आणि तेव्हा माझं लक्ष गेलं नव्हतं. तिचा एक कोपरा वर वळलेला होता. जाड तार, पक्कडीशिवाय वाकणार नाही अशी.

“मामा,” सर म्हणाले, “ही खोली रोज तुम्हीच उघडता ना?”

“व्हय.”

“या चार दिवसांत, दार उघडताना... काही गेलं का तुमच्या बाजूनं?”

मी आठवून बघितलं. दार उघडल्यावर रोज गार वाऱ्याची एक झुळूक पायापाशी यायची, आणि एवढ्या उन्हात ती बरी वाटायची. मी रोज क्षणभर तिथं थांबायचो. हे मी सरांना सांगितलं नाही.

सर गेल्यावर मी कपाट उघडलं. उरलेलं सगळं लुकण काढलं, पांढरं आणि काळं, आणि मळायला बसलो. एवढं लुकण एकदम मळता येत नाही, हात भरून येतात. पण मी मळलं. भोक मोठं होतं म्हणून पोवळ्याचे पडलेले तुकडे आत बसवत गेलो, कडेकडेनं थापत गेलो. आता त्याचा काही उपयोग नाही हे मला कळत होतं. तरी अर्धवट टाकून उठावंसं वाटलं नाही.

शेवटी मधे तळहाताएवढी जागा राहिली. मी तिच्यावर गोळा ठेवला, वरनं हात दाबला आणि थांबलो. लुकण धरेस्तोवर आतून कोणीतरी हात लावेल, खालून एकसारखं करेल, म्हणून थांबलो.

लुकण माझ्या हाताखाली हळूहळू दगड झालं. आतून कोणीच हात लावला नाही.